उन्हाळ्यात कॉम्प्युटर स्लो होतो, आपोआप बंद पडतो? फॉरमॅट मारायच्या आधी झाकण उघडून पाहा

एप्रिल लागला की माझ्या दुकानात एकच तक्रार सुरू होते, "सकाळी बरा चालते अन् दुपारी पार बसून जाते." कोणी म्हणते व्हायरस असन, कोणी म्हणते जुना झाला, कोणी तालुक्याला नेऊन फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून, आणलेला असते, पैसे गेलेले असतात अन् दोन दिवसांनी परत तेच. आमचा भाग वर्धा-यवतमाळ पट्ट्यातला, इकडे मे महिन्यात ४५-४६ ला कोणी दचकत नाही, नागपुरात तं २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो, बैल दुपारी झाडाखाली बांधतो, पण टिनाच्या खोलीत भर दोन वाजता चालू असलेल्या कॉम्प्युटरचा विचार कोणी करत नाही. ज्यांनी पोरांच्या अभ्यासासाठी नाही तं ऑनलाइन फॉर्म भरायच्या धंद्यासाठी पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेतला त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून राहिलो, घाई न करता वाचा.

आधी समजून घ्या, गरमीने होते काय

प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची सगळी कामं करणारी मुख्य चिप, जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी गरमीच बनते. ती बाहेर काढायला त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, अन् त्याच्यावर छोटा पंखा असतो जो खोलीतली हवा त्या पात्यांमधून ढकलतो. आता इथंच सगळी गोम आहे. पंखा हवा थंड करत नाही, तो फक्त खोलीतली हवा फिरवतो, म्हणून प्रोसेसर कधीच खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा हिवाळ्यात खोली २५ अंशावर आहे अन् काम करताना प्रोसेसर ६० वर जातो, म्हणजे खोलीपेक्षा ३५ नं जास्त. मे महिन्यात तीच खोली ४३ वर गेली तं तेच काम करताना तोच प्रोसेसर ७८ च्या आसपास जाणार, बाकी काहीच बिघडलेलं नसलं तरी. त्यात पात्यांमध्ये कचरा भरलेला असला तं ३५ चा फरक ५०-५५ होतो अन् मग गाडी ९५ च्या आसपास जाते.

प्रोसेसर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन, इंटेल अन् एएमडी. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची वरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास राहते, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची ९० अन् रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची ९५. मर्यादेजवळ पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. तुम्हाला बाहेरून फक्त एवढंच दिसते की माउस अडकून राहिला, व्हिडिओ तुटून राहिला, फॉर्मचं पान उघडायला दोन मिनिटं लागून राहिले. वेग कमी करूनही गरमी आटोक्यात आली नाही तं तो सरळ बंद पडतो, कोणताही मेसेज न देता, डायरेक्ट काळी स्क्रीन. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असते ना, मोटर जळू नये म्हणून ट्रिप मारते, तसंच समजा. म्हणून बंद पडला की लगेच पुन्हा पुन्हा चालू करत बसू नका, ट्रिप झालेली मोटर आपण कारण न पाहता दहा वेळा चालू करतो का.

तुमचा त्रास गरमीचाच आहे का, हे कसं ओळखायचं

सगळ्यात सोपी खूण म्हणजे वेळ. सकाळी सात वाजता चालू केला तं मस्त चालतो, दुपारी त्याच कामाला रडतो, रात्री नऊनंतर परत सुधारतो, असं असलं तं व्हायरसला घड्याळ कळत नाही हे लक्षात ठेवा. दुसरी खूण आवाज, पंखा सारखा जोरात घुं घुं करत राहतो. तिसरी, मागून जी हवा निघते तिथं हात धरून पाहा, गरम झुळूक यायला पाहिजे, पंखा जोरात ओरडून राहिला अन् हवाच येत नाही म्हणजे मध्ये काहीतरी तुंबलं आहे.

खात्री करायची असली तं काहीच इन्स्टॉल न करता एक तपासणी होते. कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप ही तीन बटणं एकसाथ दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, तिथं परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर (इथं सीपीयू म्हणजे प्रोसेसर) क्लिक करा. खाली बेस स्पीड, म्हणजे प्रोसेसरची ठरलेली नेहमीची स्पीड, लिहिलेली राहते अन् बाजूला सध्याची स्पीड. आता कॉम्प्युटरला जड काम द्या, एखादं मोठं फोल्डर झिप करायला लावा अन् सोबत व्हिडिओ चालू करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. वापर ९०-१०० टक्के दाखवून राहिला अन् तरी स्पीड बेस स्पीडच्या बरीच खाली घसरली, तं बहुतेक गरमीच आहे. रिकामा बसलेला असताना स्पीड कमी दिसली तं घाबरू नका, वीज वाचवायला तो तसं करतोच.

नेमकं तापमान पाहायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर घ्या, दोन्ही फुकट आहेत, फक्त त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या, भलत्याच ठिकाणच्या मोठ्या हिरव्या डाउनलोड बटणावरून नको. काम करताना ६०-७५ दिसलं तं आपल्याकडच्या उन्हाळ्यात चांगलंच म्हणा, ८०-८५ ला सावध व्हा, ९० च्या वर सारखा राहत असन तं आजच झाकण उघडा. हार्ड डिस्कसाठी क्रिस्टल डिस्क इन्फो आहे, जुन्या फिरणाऱ्या डिस्कला ५०-५५ च्या वर जास्त वेळ राहू देऊ नका, प्रोसेसर बदलता येतो पण डिस्क गेली तं पोराचे फोटो, सातबाराचे स्कॅन, सगळं जाते.

झाकण उघडणं, हाच खरा इलाज

आमच्या शेजारचे एक काका मागच्या उन्हाळ्यात सीपीयू (आपण अख्ख्या डब्यालाच, म्हणजे कॅबिनेटलाच, सीपीयू म्हणतो) डोक्यावर घेऊनच आले, "काहून बाबू, दोनदा फॉरमॅट केला, रॅम टाकली, तरी दर अर्ध्या तासाला बंद पडते हा." मी म्हटलं काका, ठेवता कुठं याला? तं म्हणे आतल्या खोलीत. आतल्या खोलीत काय आहे? भाव वाढन म्हणून थांबवलेला अख्खा कापूस. झाकण काढलं तं हीटसिंक दिसतच नव्हता. पंखा बाजूला केला तं त्याच्याखाली पांढरट करड्या रुईचा एक थर, बरोबर पंख्याच्या गोल आकाराचा, जाड, उशीतल्या कापसासारखा, मध्ये सोयाबीनच्या भुशाचे बारीक कण अडकलेले, अन् नखाने टोक धरून ओढला तं अख्खा चकतीसारखा निघून आला. पात्या त्याच्याखाली नव्यासारख्या चकचकीत. त्या थरातून हवा जाणार कशी? बंद पडायच्या आधी ९७ दाखवून राहिला होता, साफ करून नवीन थर्मल पेस्ट (तिचं पुढे सांगतो) लावल्यावर तेच काम ७२ वर. काकांचे फॉरमॅटचे अन् रॅमचे पैसे फुकट गेले याचं मला खरंच वाईट वाटलं, पाच मिनिटं कोणी आत पाहिलं असतं तं ते वाचले असते.

तं करायचं कसं. आधी नीट शटडाउन करा, मग बटण बंद करून वायर सॉकेटातून काढा, फक्त स्विच बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत राहिलेला करंट निघून जातो. मागच्या सगळ्या वायरींचा मोबाईलने फोटो काढून ठेवा, परत लावताना कामी पडतो. मग कॅबिनेट उचलून अंगणात नाही तं ओसरीत आणा, सकाळच्या वेळी, खोलीत साफ कराल तं तीच धूळ संध्याकाळपर्यंत परत आत.

समोरून पाहिलं तं बहुतेक डाव्या बाजूच्या झाकणाला मागे दोन स्क्रू असतात. ते काढून झाकण मागे सरकवा. आतल्या पार्टला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, आपल्या अंगातली स्टॅटिक वीज उतरून जाते. रंग द्यायचा एक इंची मऊ ब्रश घ्या, नवा अन् पूर्ण कोरडा, त्याने हळूहळू हीटसिंकच्या पात्या, पंख्याची पाती, मागची जाळी असं झटका. ब्लोअर असला तं उत्तम, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा लहानवाला, पण हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तं तो हवेने बेफाम फिरतो, त्याचं बेअरिंग खराब होऊ शकते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नका. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हे केलेलं आहे, दाब एवढा होता की पंख्याचं एक पातं तुटून उडालं, वरून टाकीत साचलेलं पाणी मदरबोर्डवर, म्हणजे सगळे पार्ट बसतात त्या मोठ्या पाटीवर, फवारल्यासारखं पडलं, ते वाळवायला दोन दिवस गेले. ओलं फडकं, पाणी, रॉकेल, पेट्रोल यातलं काहीच आत नेऊ नका. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरचं नळकांडं पण बोर्डाला टेकवू नका, स्टॅटिक तयार होते.

साफ करता करता बोर्डवरच्या त्या छोट्या उभ्या डब्यांकडे पाहून घ्या, कपॅसिटर म्हणतात त्यांना. वरचं तोंड सपाट पाहिजे. फुगलेलं किंवा वरून तपकिरी काहीतरी गळलेलं दिसलं तं ते दुकानाचं काम आहे. या डब्यांचा साधा हिशोब असा आहे की तापमान १० अंशाने वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होते, म्हणून गरमीत चाललेला कॉम्प्युटर आज नुसता स्लो दिसला तरी आतून त्याचं वय लवकर सरत असते. अन् पालीची अंडी, मेलेली पाल, उंदराने आणलेल्या चिंध्या निघाल्या तं नवल करू नका, आपल्याकडे निघतातच, मागचे रिकामे स्लॉट उघडे असले तं पत्र्याची पट्टी बसवून बंद करा.

सॉकेटात लावायच्या आधी पंख्याची वायर परत जोडली का ते पाहा. विसरलात तं चालू करताना सीपीयू फॅन एरर असा मेसेज येतो, तो आला की तसाच पुढे रेटू नका.

थर्मल पेस्ट

साफ करूनही फरक पडला नाही अन् कॉम्प्युटर चार-पाच वर्षांचा असला तं पेस्ट वाळलेली असणार. प्रोसेसर अन् हीटसिंकच्या मधली बारीक फट भरायला ती असते, वाळली की खडूसारखी होते अन् गरमी वर जात नाही. इंटेलच्या साध्या कूलरला (हीटसिंक अन् पंखा मिळून कूलर) चार खुंट्या राहतात, प्रत्येकीवर बाण काढलेला असतो, बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवा अन् वर ओढा. एएमडीच्या एएम ४ सारख्या सॉकेटात (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) मात्र जपून, पेस्ट वाळून चिकटलेली असली तं कूलर ओढताना प्रोसेसरच उपटून हातात येतो अन् खालच्या बारीक पिना वाकतात. त्यासाठी आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून थोडा गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत मोकळा करा, सरळ वर उपटू नका.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ सुती कापडाने पुसा, मेडिकलमध्ये किंवा मोबाईलवाल्याकडे मिळते. नवीन पेस्ट किती लावायची? तुरीच्या एका दाण्याएवढी, मधोमध. बस. जास्त लावली म्हणजे जास्त थंड होईल असं नाही, उलट जाड थर झाला की गरमी अडते. कूलर वरून दाबला की ती आपोआप पसरते. खुंट्या परत बाणाच्या उलट फिरवून, समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या एकामागून एक दाबायच्या, कट असा आवाज आला पाहिजे, मग कूलर हलवून पाहा, हलला तं एखादी खुंटी बसली नाही. कोलगेट लावून भागते असं कोणी सांगितलं तं ऐकू नका, ते दोन दिवसांत वाळून जाते. हे सगळं वाचून छातीत धडधड होऊन राहिली असन तं पेस्टचं काम दुकानात करून घ्या, त्यात कमीपणा नाही, पण समोर उभं राहून करून घ्या.

ठेवता कुठं, हे अर्धं काम आहे

दुकानातून टेबल येतो त्यात सीपीयू ठेवायला एक बंद कप्पा असतो, मागून पण पाटी ठोकलेली. तो कप्पा म्हणजे भट्टी आहे, तीच गरम हवा आत फिरत राहते. मागची पाटी काढून टाका नाही तं सीपीयू बाहेर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून चार-सहा इंच उंच, दोन विटा अन् एक फळी घेतली तरी जमते. अन् ते भरतकाम केलेलं कापडी कव्हर, आईने हौसेने शिवलेलं, ते कॉम्प्युटर बंद असतानाच घालायचं. चालू असताना मॉनिटरवर, सीपीयूवर कव्हर टाकलेलं मी कितीतरी घरी पाहिलं आहे.

झाकण काढून चालवावं का, हे खूप जण विचारतात. एखाद्या दिवशी तातडीचं काम असलं तं चालवा, पण कायम नको, कापसाच्या अन् भुशाच्या घरात महिनाभरात आत पुन्हा तेच भरते, वरून लहान लेकरू हात घालते.

आता खोलीतला पाण्याचा कुलर. आपल्याकडे घराघरात कुलर आहे अन् लोकांना वाटते कॉम्प्युटर त्याच्या समोर ठेवला की बरं. कुलरची हवा थंड असते हे खरं, पण ती ओली असते, ताटीतून पाण्याचे बारीक तुषार उडतात, त्यात आपलं बोअरचं क्षाराचं पाणी, बोर्डवर अन् जोडांवर पांढरा थर बसतो अन् गंज चढतो. म्हणून खोलीत कुलर जरूर चालवा पण कॉम्प्युटर झोताच्या सरळ रेषेत नको, बाजूच्या भिंतीला ठेवा, अन् समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा म्हणजे ओल साचत नाही. टिनाची खोली असली तं टिनावर तुराट्या-पऱ्हाट्या टाका, चुना मारा, ज्या खोलीत माणूस बसू शकते तिथंच कॉम्प्युटर बरा राहतो. कवेलूच्या घरात गरमी कमी पण वरून माती झडते, तिथं सीपीयूच्या वर हातभर अंतर सोडून एखादी फळी टाका.

वेळ पण बदला. मोठं काम, व्हिडिओ एडिटिंग, शंभर फॉर्म स्कॅन करायचे असं काही असलं तं सकाळी सहा ते दहा. नवतप्यात दुपारी बारा ते पाच शक्यतो बंदच ठेवा. अन् सूर्य मावळला म्हणजे झालं असं नाही, टिन रात्री आठ-नऊपर्यंत तापलेलं राहते.

लाइनचं पण यात काम आहे

याकडे लोकांचं लक्षच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडते, बल्ब पिवळा होतो, पंखा रेंगाळतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला मात्र तेवढीच वीज लागते, म्हणून व्होल्टेज कमी झालं की तो जास्त करंट ओढतो अन् स्वतः जास्त तापतो. पॉवर सप्लाय म्हणजे सीपीयूच्या मागे जिथं मेन वायर लागते तो लोखंडी डबा. त्याच्या जाळीतून पण ब्रशने धूळ काढा, पण तो डबा खोलायचा नाही, कधीच नाही, वायर काढल्यावरही आत झटका बसण्याएवढा करंट साठून राहतो. यूपीएस पण उन्हाच्या खिडकीखाली ठेवू नका, आतली बॅटरी २५ अंशाच्या हिशोबाने बनलेली असते, आपल्या खोलीत ती लवकर बसते. लाइन गेली अन् आली की पाच मिनिटं दम धरा, मग चालू करा.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडं वेगळं

लॅपटॉपची हवा घ्यायची जाळी बहुतेक खालून असते. गादीवर, गोधडीवर, उशीवर ठेवला की ती बंद झाली. पाट घ्या, स्टीलची ताटली उलटी घ्या, मागची बाजू दोन पुस्तकांनी उचला, एवढ्यानेही फरक पडतो. त्याच्यावर ओला दुपट्टा टाकणारे पाहिले आहेत, फ्रिजमध्ये ठेवणारा पण एक भेटला, दोन्ही करू नका, आत पाणी धरते. मोटरसायकलच्या डिक्कीत, उभ्या गाडीत, उन्हात विसरू नका, लिथियम बॅटरीला गरमीच सगळ्यात जास्त मारते. सारखा चार्जरवर असला तं सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपला असते, ती चालू करा. अन् टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा खालचं झाकण फुगलं तं बॅटरी फुगली आहे, त्याच वेळी चार्जर काढा, वापर बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

सेटिंगमधला एक उपाय

झाकण उघडायला वेळ नाही अन् आजच काम काढायचं आहे, तं कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटन, पण त्याने बहुतेक मशीनमध्ये टर्बो, म्हणजे जड कामात वेग वाढवायची सोय, बंद होतो, वेग थोडा उतरतो अन् तापमान चांगलं खाली येते. काही नवीन मशीनमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथं पॉवर मोड बेस्ट एफिशियन्सीवर ठेवा. सोबत पाहून घ्या दोन अँटीव्हायरस तं टाकलेले नाहीत, दोघं मिळून प्रोसेसरला दिवसभर राबवतात.

साफसफाई झाली की कॅबिनेटच्या झाकणावर आतून मार्करने तारीख अन् त्या दिवशीचं तापमान लिहून ठेवा, पुढच्या वेळी उघडाल तेव्हा तुलना करता येते. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली की घरात कापूस यायला लागतो, हिवाळ्यात तुरीचं थ्रेशर चालते, ते सगळं उरकल्यावर होळीच्या आधी एक सफाई ठरवूनच ठेवा, अन् दुसरी मृगाच्या पाण्याआधी, कुलर काढून ठेवता त्याच दिवशी.